दोन बातम्यांमधला कांदा

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळ

नाना,

नमस्कार करतोय, घ्यायचा तर घ्या. फोन तुम्ही उचलत नाही, तुमची लेक प्रतिभाताई उचलते आणि म्हणते नाना झोपलेत. सकाळी साडेदहाला! अडीच वर्षांत तुम्हाला साडेदहाला झोपलेलं मी एकदाही पाहिलं नाही. म्हणून ही चिठ्ठी. येवल्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. कोंडाजी पेंटरना द्यायचीय म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्या गाड्यांच्या पाट्या रंगवायचे ते? दे की. संध्याकाळी परतीच्या गाडीने उत्तरही आणीन." पोस्टाला तीन दिवस लागले असते. एवढा वेळ नाहीये, असं मला वाटतंय. का वाटतंय ते पुढे लिहितो.

चार महिने झाले तुम्हाला जाऊन. मी चौकातल्या आपल्या बातम्यांच्या फळ्याचा फोटो काढून मंडळाच्या पेजवर टाकला, एवढ्याचंच कारण झालं. "फळा रोज पुसायचा असतो. फोटो कोण पुसणार?" असं म्हणून तुम्ही डस्टर पिशवीत घातलं आणि लेकीकडे निघून गेलात. मी हसलो होतो. विहंगही हसला होता, पण तो मंडळाचा सेक्रेटरी, सोसायटीचाही सेक्रेटरी, त्याने हसलं तर चालतं. मी मंडळाच्या खोलीत फुकट राहणारा माणूस, मी हसायला नको होतं.

फळा मी रोज लिहितो. सकाळी सात म्हणजे सात. तुम्ही म्हणाला होतात, तू चार दिवसांत पळशील, तुझा पाय कुठे टिकलाय. नववीतून पळालो, मळ्यातून पळालो, सुरतच्या ज्यूसच्या दुकानातून पळालो, सगळं खरं. पण इथे टिकलोय. अक्षर अजून तुमच्यासारखं नाही, 'क्ष' बिघडतो. थोडे बदल केलेत. चारी बाजूंनी रंगीत खडूने वेलबुट्टी काढतो, फोटोत छान येते. आणि लासलगावचा कांद्याचा भाव तुम्ही कायम दोन बातम्यांच्या मध्ये घालायचात ना, तो मी सगळ्यात खाली नेला. मध्ये फार विचित्र दिसायचा. वर अपघात, खाली सत्कार आणि मध्ये कांदा. विचारायचं राहूनच गेलं, मध्ये का घालायचात?

आता मुद्द्याचं. ए विंगमधली ओवी, तुमच्याकडून गुलाबी खडू मागून न्यायची ती, सोमवारी दुपारपासून सापडत नाहीये. शाळेतून निघाली, घरी आली नाही. तिच्या आईकडे, मालिनीताईंकडे बघवत नाही. आणि काल दुपारी फळ्याजवळ दोघं जण आले. आपल्या चौकातले नव्हते. गोड बोलत होते. "तो वॉचमन बहिरू, त्याचं गाव नेमकं कोणतं हो? घरी कोण कोण असतं? सहज विचारतोय." एकाच्या हातात फोन, फोनमध्ये आपल्या फळ्याचा फोटो. बहिरूच्या नावाभोवती कोणीतरी लाल गोल काढलेला.

बहिरूबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तुमची पाण्याची बादली आणि खडूंचा डबा अडीच वर्षं त्याच्याच केबिनमध्ये होता. तो रविवारपासून गावी गेलाय.

मी म्हटलं, गाव मला माहीत नाही. खोटं बोललो. ते गेले, आणि मग लिहिताना खडू दोनदा मोडला.

काय करू ते लिहा. चार ओळी तरी.

जीवन


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नाना,

चार ओळी मागितल्या, तुम्ही दीड पाठवलीत. "मंगळवारी फळ्यावर काय लिहिलं होतंस ते जसंच्या तसं, त्याच क्रमाने लिहून पाठव." बरं. आधी चांगली बातमी सांगतो. ओवी सापडली! काल संध्याकाळी मावशीने आणून सोडलं. चाचणीत गणितात नापास झाली म्हणून एकटी एसटीत बसून लासलगावला मावशीकडे निघून गेली होती. मावशी गावाला, घराला कुलूप, तर ही शेजारच्या म्हातारीला "आईने पाठवलंय" सांगून तीन दिवस तिच्याकडे जेवत होती. बारा वर्षांची पोरगी! मला तर तिचं कौतुकच वाटलं, पळून जायचं तर असं. पण ते जाऊ द्या.

आज सकाळी मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "ओवी सुखरूप घरी." फोटो टाकला. दुपारपर्यंत त्रेचाळीस जणांनी बघितला. मंगळवारचा फोटो किती जणांनी बघितला विचारा. एकोणीस हजार. आणि तो अजून फिरतोच आहे नाना. काल म्हसरूळच्या माणसाने माझ्या आतेभावाला पाठवला, त्याने मला पाठवला. खाली लिहिलेलं, "सावध रहा, पुढे पाठवा." त्यात ओवी अजून हरवलेलीच आहे.

आता मंगळवारचा फळा. जसाच्या तसा.

पहिली: "आपल्या चौकातली लेक ओवी बेपत्ता. आई-वडिलांचा आक्रोश."

तिच्या खाली: "सोसायटीचा सुरगाण्याकडील वॉचमन बहिरू न सांगता गायब. रहिवासी त्रस्त."

मग वेलबुट्टी, आणि अगदी खाली कांदा.

दुसरी बातमी विहंगने दिली होती. पाण्याची मोटर चालू करायला कोणी नाही, लोक ओरडतायत, टाक जरा फळ्यावर, म्हणाला. मोटरचं लिहायला जागा पुरली नाही म्हणून 'त्रस्त' लिहून संपवलं.

आता कागदावर उतरवल्यावर मी ते दोनदा वाचलं. शपथेवर सांगतो, लिहिताना असं काही डोक्यात नव्हतं. एकही शब्द खोटा नव्हता. पण तुम्ही म्हणालात तसं एकाखाली एक लिहिलं आणि वाचलं, तर मलाच वाटलं, की बहिरूने पळवली.

आणि एक बघा. ओवीला मी 'आपल्या चौकातली' म्हटलं. बहिरूला 'सुरगाण्याकडील'. तोही आपल्याच चौकातला, सहा वर्षं इथे झोपतोय. विहंग मूळचा निफाडचा, त्याच्या सत्काराच्या बातमीत मी कधी 'निफाडकडील विहंग' लिहिलंय? तुम्ही सांगायचात, गाव फक्त मयताचं लिहायचं, अंत्यविधीला माणसं पोचावीत म्हणून. मला वाटायचं म्हातारा उगाच नियम काढतो. रागावू नका, तेव्हा वाटायचं.

पेजवरून उचलून एका मोबाइल चॅनेलने बुधवारी दाखवलं होतं. ते मी आज पुन्हा पुन्हा बघितलं. ओवीचा वाढदिवसाचा फोटो, फुगे, केक. बहिरूचा आधार कार्डावरचा. अहो, त्या कार्डावर मीपण दरोडेखोर दिसतो. मागे ढोलासारखं काहीतरी वाजतंय. आणि ती बातम्या देणारी मुलगी आधी ओवीचं सांगते, मग म्हणते, "दरम्यान, याच परिसरातील वॉचमनही गायब आहे." फक्त 'दरम्यान' म्हणाली. त्याने पळवली असं कुठेच म्हणाली नाही. उद्या तिला धरलं तर ती म्हणेल, मी कुठे काय बोलले? मलाही धरलं तर मी तेच म्हणणार.

पण मला कोण धरणार? लोक बहिरूला शोधतायत. आज एक काका फळा वाचत होते. मी म्हटलं, काका, ओवी आली ना घरी. तर म्हणतात, "आली हो, पण त्याने सोडली म्हणून आली."

उत्तर लवकर पाठवा.

जीवन


शनिवार, ८ फेब्रुवारी, दुपार

नाना,

कालची चिठ्ठी आली. तुम्ही लिहिलंय, "कांद्यापाशी माणूस थांबतो. इंदिरानगरात निम्म्या घरांचं कोणी ना कोणी कांदा लावतं. चढला की उतरला, मनात दोन शब्द बोलतो, तेवढ्यात वरची बातमी मागे पडते. मग खालची तो नवीन म्हणून वाचतो. एवढ्यासाठी मध्ये." पुढे लिहिलंय, "तू मला सगळं सांगितलेलं नाहीस. 'न सांगता' हे शब्द कोणाचे?"

तुम्हाला येवल्यात बसून कसं कळतं?

सांगतो. आधी वाटलं होतं, याविषयी कोणालाच सांगायचं नाही.

रविवारी सकाळी मी पाणी आणायला केबिनमध्ये गेलो, तर बहिरू पिशवी भरत होता. म्हणाला, "दादा, घरनं निरोप आला. पोरीला ताप हाय, उतरत नाय. मी जातो. सायेब उठला नाय अजून, बेल वाजवली तर वरडंल. तू सांगशील ना? आठ दिस लागतील सांग. मोटर तेवढी तू लावशील का?" मी म्हटलं, जा रे बिनधास्त, सांगतो.

विहंगच्या घरीच निघालो होतो. आईशप्पथ. वळणावर द्राक्षांचा टेंपो उभा, मागची दोरी तुटून क्रेट रस्त्यावर. मी धावलो गोळा करायला. ड्रायव्हर मोठा बोलका निघाला, म्हणाला, पिंपळगावला येतोस का, उतरवायला हात लागेल. मला टेंपोत पुढे बसायला आवडतं, तुम्हाला माहीत आहे. गेलो. तिथे पॅकिंग बघत बसलो, बायका काय झपाझप भरतात, एक मणी दबत नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा बहिरू, निरोप, मोटर, सगळं डोक्यातून गेलेलं.

मंगळवारी विहंगने "न सांगता गेला" म्हटल्यावर आठवलं. तेव्हाच बोलायचं होतं. पण तो इतका चिडलेला होता, मला वाटलं खोलीतून हाकलेल. म्हणून माझ्याच हाताने, वळणदार अक्षरात, 'न सांगता' लिहिलं. माहीत असून. आणि वारही गाळले. बहिरू रविवारी गेला, ओवी सोमवारी. नुसते दोन वार लिहिले असते तरी लोकांनी बोटं मोजली असती. वेलबुट्टीला जागा हवी होती म्हणून गाळले.

हे आज का लिहितोय ते ऐका. मघाशी बहिरूचा फोन आला. त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, टेकडी चढून करतो. आवाज तुटत होता. म्हणाला, पोरीचा ताप हटत नाही, उद्या नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणतोय. तिची जुनी फाइल केबिनमध्ये आहे, आधी ती घ्यायला येईन.

नाना, तो पोर कडेवर घेऊन येणार. या चौकात. एकोणीस हजार लोकांनी त्याचं नाव गोलात बघितलंय आणि तो एक लहान पोर घेऊन येणार. तीन वर्षांची, तापाने रडत असणार.

मी सांगायला हवं होतं, येऊ नको. मी म्हटलं, पोर काही खाते का? म्हणाला, नाय. मी म्हटलं, भात पातळ करून द्या. मग म्हटलं, थंडी आहे का तिकडे? मला कळत होतं मी काय करतोय. सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, निरोप कोणी गिळला तेसुद्धा. तेवढ्यात फोन कट. त्यानंतर पन्नास वेळा लावला, बंद.

पोलीस चौकीत जाऊन आलो. हवालदार म्हणाले, मुलगी मिळालीय ना, मग तक्रार कशाची? काही झालं तर फोन कर. काही झालं तर!

उद्या सकाळपासून स्टँडवर थांबतो. सुरगाण्याची प्रत्येक गाडी बघतो.

जीवन


रविवार, ९ फेब्रुवारी, स्टँड

नाना,

चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. चहावाल्याकडून बिलाचा कागद घेतलाय, मागे डाग आहे. सकाळी तुमची चिठ्ठी मिळाली. "स्टँडवर थांबण्याआधी मालिनीच्या घरी जा. निरोप कोणाकडे होता ते तिला सांग. तिचं लोक ऐकतील, तुझं नाही."

गेलो होतो. दारापर्यंत. आतून ओवीच्या हसण्याचा आवाज आला आणि माझं बोट बेलवर टेकेना. परत आलो.

दोन गाड्या आल्या. बहिरू नाही. शेजारच्या बाकावर एक जण फोनमध्ये काहीतरी बघतोय आणि मान वर करून येणारी माणसं बघतोय. मला वाटतं तो बहिरूसाठीच थांबलाय. कदाचित त्याची बायको येणार असेल. मला आता फोनमध्ये बघणारा प्रत्येक माणूस तसाच दिसतो.

तिसरी गाडी लागतेय. थांबतो.

विहंगचा फोन. "अरे जीवन, आला तो. चौकात उतरलाय, हातात पोर आहे. माणसं जमलीत. लवकर ये."


सोमवार, १० फेब्रुवारी

नाना,

हात थोडा सुजलाय, अक्षर समजून घ्या.

बहिरू एसटीने आलाच नाही. गावातली एक पिकअप स्ट्रॉबेरी घेऊन नाशिकला निघाली होती, तिने त्याला सरळ चौकात सोडलं. मी रिक्षाने पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. भर उन्हात चाळीस-पन्नास माणसं. निम्मी ओळखीची. दूधवाला, मेडिकलवाला, रोज फळा वाचणारे ते काका. तीच बरी माणसं, पण चेहरे ओळखू येईनात.

बहिरू फळ्याला पाठ लावून उभा. शर्टाची बाही फाटलेली, एका गालावर बोटं उठलेली. पोर त्याच्या मानेत तोंड खुपसून. तिची टोपी रस्त्यात पडलेली.

"पोर कोणाचंय सांग आधी!"

"माझी हाय, सायेब."

"कागद दाखव."

"कागद केबिनमध्ये हाय. तेच घ्यायला आलो."

"बघा, आता केबिनमध्ये पळायचंय याला."

"ए पोरी, हा कोण तुझा? बोल, घाबरू नको!" असं एक बाई एवढ्या जोरात ओरडली की पोर जास्तच चिकटली. "बघा, बोलत नाही ती," दुसरी म्हणाली.

काय खरं आहे ते शोधायला आलं होतंच कोण? जे दिसेल ते सगळं मंगळवारच्या फळ्याखालीच जाऊन बसत होतं. रडली तरी, गप्प राहिली तरी.

मी ओरडलो, त्याने काही केलेलं नाही. कोणी बघितलंही नाही. एकाने कोपर मारून मागे ढकललं. मला पळावंसं वाटलं, नाना. पाय वळलेसुद्धा. रस्ता मोकळा होता, टेंपो जात होते. मग बहिरूने मला बघितलं. एवढंच म्हणाला, "दादा, मी सांगितलं होतं ना रे?"

मी वाकून त्याच्या पायाशी पडलेला खडूचा तुकडा उचलला आणि सकाळचं पुसून त्याच्या शेजारीच फळ्यावर लिहायला लागलो. का ते माहीत नाही. दुसरं काही येत नाही म्हणून असेल. पण तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात ते आठवलं, की कोणी लिहायला लागलं की माणूस अक्षर पुरं होईपर्यंत हलत नाही. मी तुमच्यासारखं लिहिलं, मोठं, सावकाश. एकेका अक्षराला श्वास घेऊन. वेलबुट्टी नाही.

"काय लिहितोय तो?"

"थांब ना, होऊ दे."

ते काका मोठ्याने वाचायला लागले, "बहिरू... रविवारी... गावी गेला."

"रविवारी? कशावरून?"

"पुढे वाचा."

"ओवी... सोमवारी... गेली. ओवी... गुरुवारपासून... घरी आहे."

"अरे, मग रविवारी गेलेला माणूस सोमवारी कशी नेईल?" हे मेडिकलवाला म्हणाला. अगदी हळू, स्वतःशीच. पण शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मी दोन बोटं जागा सोडली. आता मला माझं लिहायचं होतं आणि हात चालेना. तर मी मध्ये कांदा लिहिला. "लासलगाव, शनिवार, सरासरी दोन हजार एकशे पन्नास." खरं सांगतो, वेळ काढत होतो.

"अरे येड्या, आत्ता कांदा?"

"उतरला की शंभराने."

"उन्हाळ कांदा यायचाय अजून, आणखी उतरंल."

दोघंतिघं हसले. बहिरूची कॉलर धरलेल्या माणसाने कांद्याकडे बघायला मान वळवली आणि त्याचा हात सुटला. मी बघितलं, सुटला. बहिरूने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मग मी खालचं लिहिलं. "बहिरूने जाताना सांगितलं होतं. निरोप माझ्याकडे होता. मी कोणाला सांगितलं नाही. जीवन."

खडू ठेवला आणि वळलो, तर मालिनीताई गर्दीतून पुढे येत होत्या, ओवीचा हात धरून. मला म्हणाल्या, "नानांचा सकाळी फोन आला होता मला. तू दारापर्यंत आला होतास ना? सीसीटीव्हीत दिसलास." मग गर्दीकडे वळून, "ही माझी मुलगी. हिला कोणी नेलं नव्हतं. गणितात नापास झाली म्हणून गेली. आता सगळ्यांना कळलं, झालं समाधान?" ओवीने मान खाली घातली, पण मग तीच पुढे झाली, टोपी उचलली, झटकली आणि पोरीच्या डोक्यावर घातली. पोरीने मान वर केली आणि बहिरूला म्हणाली, "बा, घरी."

गर्दी सुटली. कोणी माफी मागितली नाही. "आम्हाला काय माहीत," "फळ्यावरच होतं," असं बोलत गेले. बहिरूला कोणी मारलं, ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या हातावर मात्र जाता जाता एकाने काठी घातली. तोही बरोबरच.

पोरीला दवाखान्यात भरती केलंय. मालिनीताईंच्या गाडीतून नेलं. न्यूमोनिया म्हणाले. आज ताप उतरलाय. बहिरू माझ्याशी बोलत नाही. मी फाइल नेऊन दिली, त्याने घेतली.

जीवन


मंगळवार, ११ फेब्रुवारी

नाना,

हे शेवटचं सांगायचं राहिलं, आणि याची मला सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

परवाच्या फळ्याचा कोणीतरी फोटो काढला. मी नाही. काल संध्याकाळपासून फिरतोय. पण पूर्ण नाही. कांद्याच्या वरचं सगळं कापलंय, कांदासुद्धा कापलाय. फक्त खालचं ठेवलंय. "निरोप माझ्याकडे होता. मी कोणाला सांगितलं नाही. जीवन." शेजारी ओवीचा तोच फुग्यांचा फोटो. वर कोणीतरी लिहिलंय, "आतला माणूस सापडला?" नुसतं प्रश्नचिन्ह लावलंय. विचारायला कोणाचं काय जातं.

कांदा मध्ये घातला की बातम्या वेगळ्या होतात, हे तुम्ही शिकवलंत. वेगळ्या झाल्या की कापायलाही सोप्या जातात, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

विहंगने खोली सोडायला सांगितलीय. तसा तो वाईट नाही, "तुझ्याच भल्याचं सांगतोय, थोडे दिवस कुठेतरी जा," म्हणाला. सकाळी बॅग भरलीसुद्धा. वीस मिनिटांत भरते माझी बॅग. आतेभाऊ म्हणाला, सुरतला ये. चौकात उभा राहिलो, एक टेंपो थांबलासुद्धा, ड्रायव्हर म्हणाला, कुठे सोडू?

आणि मला उद्याचा फळा दिसला. मीच लिहिल्यासारखा, वळणदार अक्षरात. 'वॉचमनपाठोपाठ जीवनही न सांगता गायब.' एकही शब्द खोटा नाही.

टेंपोवाल्याला म्हटलं, जा तुम्ही.

बॅग बहिरूच्या केबिनमध्ये ठेवलीय. तो पोरीला घेऊन येईपर्यंत मी इथेच आहे. सकाळ-संध्याकाळ मोटर लावतोय, लोक बाल्कनीतून बघतात. मगाशी दोघं जण फाटकाशी येऊन उभे राहिले, फोनमध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेले. पुन्हा येतील. केबिनला आतून कडी नाही, नुसती तार गुंडाळायची आहे.

सकाळी सातला फळा लिहीन, मंडळाने पुसला तरी लिहीन. तुम्ही येणार असाल तर डस्टर घेऊन या, इथलं मी हरवलं.

नसाल येणार, तर एवढं करा. ही चिठ्ठी जपून ठेवा, पुसू नका. मी इंदिरानगरात आहे, केबिनमध्ये आहे, कुठेही गेलेलो नाही, हे मी तुम्हाला सांगून ठेवलंय. कोणी विचारलं तर सांगा, त्याने सांगितलं होतं.

जीवन